नक्कल कोणत्या दिवसाची? – फेरफार नोंदवहीपासून संगणकीय भांडारापर्यंत

पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांच्या महसूल दप्तरात ‘झुडपी जंगल’ अशी नोंद असलेली सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन आहे. नाव जंगलाचे असले, तरी यांपैकी पुष्कळशी जमीन म्हणजे तुरळक झुडपांचा माळ आणि गावची गुरे चारण्याची जागा होय. काळाच्या ओघात तिच्यावर घरे उठली, शाळा उभ्या राहिल्या, शेती झाली, स्मशानभूमी झाली. ही जमीन वन मानावी की महसुली, हा वाद अनेक दशके चालला. दिनांक २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निर्णय दिला. झुडपी जंगल ही वनजमीनच समजली जाईल. मात्र १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम प्राधिकाऱ्याने वाटप केलेल्या आणि वर्गीकरण न बदललेल्या जमिनी वनक्षेत्राच्या यादीतून वगळण्यासाठी राज्य शासनाने केंद्राची मान्यता मागावी, असा त्या निर्णयाचा एक महत्त्वाचा भाग आहे.

या तारखेला कारण आहे. वनाची व्याप्ती ठरविणारा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला आदेश १२ डिसेंबर १९९६ चा आहे. परंतु प्रशासनाच्या दृष्टीने त्यातून निघणारा प्रश्न अगदी साधा आणि तितकाच अवघड आहे. अमुक गावातील अमुक खसरा क्रमांकाविषयी त्या दिवशी दप्तर काय म्हणत होते? आज काढलेला सातबारा याचे उत्तर देत नाही. तो आजचे सांगतो. उत्तर हवे आहे ते सुमारे तीस वर्षांपूर्वीच्या एका दिवसाचे, आणि त्या उत्तरावर एखाद्या कुटुंबाचे घर किंवा एखाद्या शाळेची इमारत अवलंबून असू शकते.

बदलत राहणाऱ्या नोंदींच्या भांडारातून ठरावीक दिवसाची स्वच्छ, सुटी आणि विश्वासार्ह प्रत काढणे हे काम महसूल खात्याला जुने आहे. संगणकावर आज्ञावली लिहिणाऱ्यांनाही गेल्या पन्नास वर्षांत याच कामाने गाठले. त्यांनी शोधलेली रीत आणि गावच्या दप्तराची रीत यांत आश्चर्य वाटावे इतके साम्य आहे. एक समजली की दुसरी समजण्यास वेळ लागत नाही.

दोन नमुने, दोन कामे

गाव नमुना सात व बारा सर्वांच्या परिचयाचा आहे. जमीन कोणाची, किती, आकार काय, इतर हक्क कोणाचे, पीक कोणते, हे त्यावरून कळते. परंतु सातबारा स्वतः काही ठरवीत नाही. त्यावरील प्रत्येक नावामागे गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही उभी असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १४९ नुसार हक्क संपादन करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत वर्दी द्यावयाची. कलम १५० नुसार तिची नोंद फेरफार नोंदवहीत घ्यावयाची. हितसंबंधितांना नोटीस द्यावयाची. हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत घालून निकाल करावयाचा. आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यावरच बदल सातबाऱ्यावर उतरावयाचा, असा हा क्रम आहे. प्रत्येक फेरफाराला गावनिहाय अनुक्रमांक असतो व तो सातबाऱ्यावर संबंधित नावाजवळ वर्तुळात लिहिला जात असे.

हस्तलिखित काळातील एक प्रथा विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. कमी झालेले नाव खरडून काढावयाचे नाही. त्याला कंस करावयाचा आणि कोणत्या फेरफाराने ते कमी झाले तो क्रमांक लिहावयाचा. जुने वाचता आले पाहिजे, पण ते चालू नाही हेही दिसले पाहिजे, असा हा विचार होता. ही शिस्त ज्यांनी घालून दिली त्यांना संगणक ठाऊक नव्हता. परंतु नोंद पुसणे आणि नोंद कालबाह्य ठरविणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

थोडक्यात, फेरफार नोंदवही हा इतिहास आहे आणि सातबारा ही स्थिती. इतिहासातून स्थिती काढता येते. नुसत्या स्थितीतून इतिहास काढता येत नाही. शिक्षकांना याचे उदाहरण शाळेतच सापडेल. दाखल-खारीज नोंदवही हा इतिहास, आणि शाळा सोडल्याचा दाखला ही त्यातून काढलेली प्रत. म्हणूनच दाखल्यावर नोंदवहीतील क्रमांक असतो. तो नसेल तर दाखला पडताळणार कशाशी? ग्रामपंचायतीच्या नमुना आठ, म्हणजे कर आकारणी नोंदवहीचा उताराही याच जातीचा.

पुनर्लेखनाचा क्षण

हस्तलिखित सातबाऱ्याची पाने काही वर्षांनी भरून जात. म्हणून साधारणपणे दर दहा वर्षांनी त्यांचे पुनर्लेखन होई. कंस केलेली नावे मागे राहत आणि केवळ चालू नोंदी नव्या पानावर येत. या लेखाचा विषय जो आहे, त्याचे गावच्या दप्तरातील हेच शुद्ध रूप होय. भांडारातील सर्व खाडाखोड मागे ठेवून एका दिवसाची स्वच्छ प्रत तयार करावयाची.

आणि चुका होत त्याही नेमक्या येथेच. इतर हक्कातील एखादी नोंद लिहावयाची राहून जाई. एखाद्या बहिणीचे नाव गळे. क्षेत्रातील एक आकडा बदले. नवे पान सुवाच्य असल्याने त्याच्यावर कोणी शंका घेत नसे. अधिनियमाच्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे लेखनिकाच्या हातून गळालेले नाव, कोणतीही खरेदी-विक्री न होता, कायद्याच्या दृष्टीनेही जणू नाहीसे होते. ते परत आणण्यासाठी लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचे कलम १५५ आहे खरे, परंतु त्यासाठी नाव ज्या फेरफाराने लागले तो फेरफार दाखवावा लागतो. ज्या वारसाला आपला फेरफार क्रमांक ठाऊक नाही, त्याला जुन्या वह्यांची पाने एकामागून एक चाळावी लागतात.

हस्तलिखित सातबाऱ्यावरून संगणकीय सातबारा तयार झाला, तेव्हा हेच पुनर्लेखन सर्व राज्यात एकदम झाले. त्यातील तफावती शोधण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन घेण्यात आले. खातेदारांसमोर सातबारे वाचून दाखवावयाचे आणि चुका जागच्या जागी टिपावयाच्या, अशी ती मोहीम होती. प्रतीची शुद्धता गावाच्या साक्षीने तपासण्याचा हा मार्ग जुनाच, पण आजही त्याच्या तोडीचा दुसरा नाही.

यंत्रातील फेरफार नोंदवही

आता संगणकाकडे वळू. कोणतीही मोठी आज्ञावली म्हणजे हजारो मजकूर-फायलींचा संच असतो. त्यांना मूळ संहिता म्हणतात. अनेक माणसे ती एकाच वेळी लिहितात, दुरुस्त करतात, कधी बिघडवितातही. कोणी काय बदलले, केव्हा, कशासाठी, आणि बिघाड झाल्यास मागे कसे जावयाचे, हे प्रश्न १९७० नंतरच्या काळात तीव्र झाले. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास अशा नोंदी ठेवणारी पहिली प्रसिद्ध आज्ञावली तयार झाली. पुढे अनेक पद्धती आल्या आणि गेल्या. आज सर्वांत अधिक प्रचारात असलेली पद्धती ‘गिट’ या नावाची असून ती लिनस टॉरव्हाल्ड्‌स यांनी २००५ मध्ये निर्माण केली. अशा पद्धतींना आवृत्ती-नियंत्रण म्हणतात आणि तिच्यात ठेवलेल्या फायली व नोंदी यांना मिळून भांडार म्हणतात.

भांडारातील प्रत्येक नोंदीत चार गोष्टी असतात. फायलींची त्या क्षणीची पूर्ण स्थिती, बदल करणाराचे नाव, तारीख, आणि बदल का केला याचा शेरा. शिवाय प्रत्येक नोंदीला एक चाळीस अक्षरी ओळख-क्रमांक मिळतो. हा क्रमांक अनुक्रमाने दिलेला नसतो. नोंदीतील संपूर्ण मजकुरावर गणित करून तो काढलेला असतो आणि त्या गणितात आधीच्या नोंदीचा क्रमांकही धरलेला असतो. त्यामुळे जुन्या नोंदीत मागाहून एक अक्षर जरी बदलले, तरी तिचा आणि तिच्यानंतरच्या सर्व नोंदींचा क्रमांक बदलतो व लबाडी उघडी पडते. फेरफार नोंदवहीचे एखादे पान फाडून नवे चिकटवले, तर पुढील सर्व पानांवरचे क्रमांक आपोआप चुकीचे दिसू लागावेत, तसा हा प्रकार आहे. कागदी वहीला ही सोय नव्हती.

रुमाल बांधताना

एखाद्या दिवशी ही आज्ञावली कोणाला तरी द्यावयाची असते. घेणाऱ्याला दहा वर्षांची खाडाखोड नको असते. त्याला आजची, किंवा गेल्या वर्षीच्या अमुक नोंदीची, सुटसुटीत प्रत हवी असते. त्यासाठी गिटमध्ये ‘आर्काइव्ह’ नावाची आज्ञा आहे. तिला नोंदीचा क्रमांक किंवा नोंदीला दिलेली खूण सांगितली, की त्या नोंदीच्या वेळी असलेल्या सर्व फायली ती एका गठ्ठ्यात बांधून देते. भांडाराचा इतिहास गठ्ठ्यात येत नाही.

हा गठ्ठा सामान्यतः दोन प्रकारचा असतो, टार किंवा झिप. टार हे नाव चुंबकीय फितीवरील संग्रहावरून आले आहे. त्याचे काम फक्त बांधण्याचे. फायली एकामागे एक ठेवून तो त्यांची एकच फाइल करतो, त्यांना लहान करीत नाही. आपल्याकडे जुने कागद कापडात बांधून त्याला रुमाल म्हणत. टार म्हणजे तसा रुमाल समजावा. रुमाल दाबून लहान करावयाचा तर ते दुसऱ्या आज्ञावलीचे काम असते. झिपमध्ये बांधणे आणि दाबणे एकत्रच होते.

या आज्ञेचे काही बारकावे दप्तराशी परिचय असलेल्या वाचकास सहज पटतील. पहिला असा की, आर्काइव्ह केवळ नोंद झालेल्या फायलीच घेते. लिहिणाऱ्याच्या टेबलावर, म्हणजे त्याच्या संगणकावर, अर्धवट पडलेला आणि भांडारात नोंद न झालेला मजकूर गठ्ठ्यात येत नाही. प्रमाणित न झालेला फेरफार सातबाऱ्यावर येत नाही, तसेच हे. पुष्कळ जण आपला कामाचा सगळा कप्पा तसाच दाबून पाठवितात आणि त्यातून अर्धवट दुरुस्त्या, खाजगी टिपणे, क्वचित परवलीचे शब्दही बाहेर जातात. भांडारातून नोंदीनुसार काढलेल्या प्रतीत अर्धवट काम असे मिसळत नाही. मात्र जे चुकून भांडारात नोंदले गेले, ते प्रतीतही येतेच, याचा विसर पडू नये.

दुसरा बारकावा वगळण्याचा. काही फायली भांडारात असाव्यात, पण बाहेर जाणाऱ्या प्रतीत नसाव्यात, असे वाटते. उदाहरणार्थ, अंतर्गत चाचण्यांची सामग्री. त्यांची यादी भांडारातच लिहून ठेवता येते व आर्काइव्ह त्या वगळते. यादी भांडारातच असल्याने कोणी, केव्हा, काय वगळले याचीही नोंद राहते. नक्कल देताना काय गाळले हे न सांगणाऱ्या कार्यालयांनी या शिस्तीकडे जरूर पाहावे.

तिसरी गोष्ट सावधगिरीची आहे. एका भांडारात दुसऱ्या भांडाराचा केवळ हवाला दिलेला असेल, तर त्या दुसऱ्या भांडारातील फायली गठ्ठ्यात येत नाहीत. तेथे रिकामा कप्पा येतो. आदेशात ‘सोबतचे परिशिष्ट पाहावे’ असे लिहिलेले असावे आणि परिशिष्ट जोडलेले नसावे, हा अनुभव कोणत्या कार्यालयाला नाही?

शिक्का कशावर?

इतिहास मागे ठेवून आलेली ही प्रत कोणत्या नोंदीची, हे पुढे कसे कळावयाचे? यासाठी गिटने केलेली तजवीज मोलाची आहे. आर्काइव्ह आज्ञा गठ्ठा बांधताना त्यातच, टारच्या शीर्षभागात किंवा झिपच्या टिपणात, मूळ नोंदीचा चाळीस अक्षरी क्रमांक लिहून ठेवते. वर्षांनंतर कोणी तो गठ्ठा हाती घेतला, तर क्रमांक वाचून मूळ भांडारातील नेमकी नोंद काढता येते आणि अक्षर न् अक्षर पडताळता येते.

महाराष्ट्राच्या सातबाऱ्यातही हे आता आले आहे. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारण्यात आला, तेव्हा त्यावर शेवटचा फेरफार क्रमांक व त्याची तारीख छापण्यास सुरुवात झाली. प्रलंबित फेरफार असल्यास तेही दिसू लागले आणि जुने फेरफार क्रमांक वेगळे दाखविण्यात आले. १ मे २०१८ पासून सुरू झालेल्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याने प्रत खरी आहे हे सांगितले. २०२० च्या बदलाने ती कोणत्या नोंदीपर्यंतची आहे हे सांगितले. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. खऱ्या सहीची प्रतही शिळी असू शकते.

प्रत खरी असणे म्हणजे नेमके काय, याविषयी संगणकाच्या जगात २०२३ मध्ये एक बोधप्रद घटना घडली. गिटहब या जगप्रसिद्ध सामायिक भांडारावरून लोक आज्ञावल्यांचे गठ्ठे उतरवून घेतात आणि गठ्ठा बदललेला नाही हे पाहण्यासाठी त्याचा गणिती ठसा आधीच टिपून ठेवतात. ३० जानेवारी २०२३ रोजी हजारो ठिकाणी ठसे जुळेनासे झाले व कामे अडली. आतील एकही फाइल बदललेली नव्हती. गठ्ठा दाबण्याची अंतर्गत रीत तेवढी बदलली होती. त्यामुळे रुमालातील कागद तेच, पण गाठ वेगळी पडली. गिटहबने त्याच दिवशी बदल मागे घेतला. ज्यांनी गठ्ठ्याच्या ठशावर विश्वास ठेवला ते अडले. ज्यांनी आतील नोंदीचा क्रमांक धरला त्यांना चिंता नव्हती. लखोट्यावरील लाखेचा शिक्का आणि आतील आदेशाचा जावक क्रमांक यांत जो फरक, तोच हा.

दूरच्या भूमीतही असे गठ्ठे ठेवले गेले आहेत. उत्तर ध्रुवाजवळील नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर एका जुन्या खाणीत, २ फेब्रुवारी २०२० या एकाच दिवसाची स्थिती धरून, गिटहबवरील सार्वजनिक भांडारांच्या प्रती दीर्घकाळ टिकणाऱ्या फिल्मच्या १८६ रिळांवर ठेवण्यात आल्या. प्रत्येक भांडाराचा एक टार गठ्ठा. त्यांत इतिहास नाही, केवळ त्या दिवसाची स्थिती आहे. इतिहासासह जतन करण्याचे काम पॅरिस येथून २०१६ मध्ये सुरू झालेला सॉफ्टवेअर हेरिटेज हा उपक्रम करतो. जगालाही दोन्हींची गरज पडली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

यातून शासकीय कार्यालयांसाठी एक व्यावहारिक मुद्दा निघतो. बाहेरच्या संस्थेकडून आज्ञावली करून घेतली की काम संपताना मूळ संहितेचा एक झिप गठ्ठा ताब्यात घेतला जातो आणि पोच दिली जाते. गठ्ठा म्हणजे सातबारा. फेरफार नोंदवही त्या संस्थेकडेच राहते. पुढे दुरुस्ती करावयाची झाल्यास कोणती ओळ कोणी, का लिहिली हे कळत नाही, आणि प्रत्यक्ष चालू असलेली आज्ञावली त्याच गठ्ठ्यातील आहे की नंतरची, हेही सांगता येत नाही. करारातच संपूर्ण भांडार इतिहासासह सुपूर्द करण्याची अट असावी. गिटमध्ये सबंध इतिहास एका फाइलमध्ये बांधण्याची ‘बंडल’ नावाची वेगळी आज्ञा त्यासाठीच आहे. केंद्र शासनाने शासकीय आज्ञावल्यांच्या संहितेसाठी ओपनफोर्ज हे सामायिक भांडार उघडले आहे. तेथे इतिहास शासनाच्याच घरी राहतो.

तारखांचा घोळ

अमुक दिवसाची प्रत म्हणताना तारीख कोणती धरावयाची, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. जमिनीच्या व्यवहारात खरेदीखताची तारीख एक, फेरफार नोंदविल्याची दुसरी आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याची तिसरी. डिसेंबर १९९६ च्या पहिल्या आठवड्यात आदेश झाला, नोंद महिनाअखेरीस घेतली आणि प्रमाणन १९९७ मध्ये झाले, असे प्रकरण समोर आल्यास केवळ सातबाऱ्यावर विसंबणारा अधिकारी चुकेल. येथे वाटपाचा मूळ आदेशच पाहावा लागतो.

गिटमध्येही प्रत्येक नोंदीला दोन तारखा असतात. मजकूर लिहिणाराने तो लिहिला ती एक, आणि तो भांडारात दाखल झाला ती दुसरी. आर्काइव्ह आज्ञा गठ्ठ्यातील फायलींवर दाखल झाल्याचीच वेळ घालते. म्हणून जाणकार माणसे तारीख सांगून प्रत मागत नाहीत. नोंदीचा क्रमांक किंवा खूण सांगतात. क्रमांकाला दुसरा अर्थ नसतो.

अभिलेख कक्षातील काम

आता पुन्हा झुडपी जंगलाकडे. १२ डिसेंबर १९९६ ची स्थिती काढावयाची म्हणजे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात काय करावयाचे? त्या तारखेपूर्वीचे सर्वांत जवळचे पुनर्लेखन झालेला सातबारा शोधावयाचा. तेथून पुढे त्या खसरा क्रमांकाचे फेरफार एकेक करून, क्रमाने, १२ डिसेंबरपर्यंत वाचावयाचे आणि प्रत्येकाचा परिणाम कागदावर मांडावयाचा. गिट हे काम क्षणात करते, कारण त्याच्या प्रत्येक नोंदीतून फायलींची त्या क्षणीची पूर्ण स्थिती मिळते. माणसाला एका खसरा क्रमांकासाठी काही तास, कधी दिवस लागतात. मधला एक फेरफार सापडला नाही, तर साखळी तुटते.

विदर्भात ही साखळी आणखी मागे जाते आणि मध्येच तिची भाषा बदलते. नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते व १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला. त्यामुळे येथील जुने कागद मध्य प्रांताच्या रीतीचे आहेत. बंदोबस्त मिसल, खसरा, जमाबंदी, मालगुजारी उठल्यानंतरचे १९५४-५५ चे अधिकार अभिलेख, गावकऱ्यांचे चराई-सरपणाचे हक्क सांगणारे निस्तार पत्रक आणि गावच्या रूढी नोंदविणारे वाजिब-उल-अर्ज, असा तो संभार आहे. शेवटचे दोन दस्तऐवज १९६६ च्या अधिनियमानेही कायम ठेवले. गावचा माळ झुडपी जंगल म्हणून कसा लिहिला गेला, याचा माग काढणाऱ्याला या कागदांपर्यंत जावे लागते. पंचायत सदस्यांनी आपल्या गावचे निस्तार पत्रक एकदा तरी डोळ्यांखालून घातले पाहिजे. पुष्कळ गावांत ते आहे हेच ठाऊक नसते.

जुन्या अभिलेखांचे संगणकीय छायाचित्रण आता मोठ्या प्रमाणावर झाले आहे आणि त्यामुळे पान हाती येणे सोपे झाले. परंतु छायाचित्र म्हणजे पानाची प्रत, स्थितीची नव्हे. पाने कितीही स्पष्ट असली, तरी ती क्रमाने वाचून निष्कर्ष काढणारा माणूस लागतोच. शिवाय मूळ कागदाची जागा छायाचित्र घेत नाही. अभिलेख वर्गीकरणाच्या ‘अ’ यादीतील कागद कायम ठेवावयाचे, ‘ब’ यादीतील तीस वर्षे आणि त्यांखालच्या याद्यांतील त्याहून कमी काळ, ही वर्गवारी कर्मचाऱ्यांना पाठ असते. प्रश्न येतो तो वर्गीकरण करतेवेळी. वाटपाच्या आदेशाची स्थळप्रत खालच्या यादीत पडली, की काही वर्षांनी ती नष्ट होण्यास मोकळी. १९९६ च्या एखाद्या वाटपाचा आदेश अशा रीतीने गेला असेल, तर आज त्या घराला आधार उरतो तो फक्त फेरफार नोंदवहीतील दोन ओळींच्या शेऱ्याचा.

अशा प्रकरणात तयार होणाऱ्या तक्त्यात, खसरा क्रमांक आणि धारकाचे नाव यांच्या रकान्यांबरोबर, एक रकाना हमखास ठेवावा. ‘ही स्थिती कोणत्या वहीतील, कोणत्या फेरफार क्रमांकापर्यंत वाचून काढली.’ आणि ज्याने वाचले त्याने त्याखाली नाव व तारीख घालून सही करावी, म्हणजे तक्ता वर गेल्यावर कोणालाही त्याच वहीतून तीच वाट पुन्हा चालून पाहता येईल.